पाणंद रस्त्याची दुरुस्ती : आधीं चर, मग मुरूम

दुष्काळनिवारणाच्या कार्यास द्रव्यसाहाय्य करणाऱ्या उदार गृहस्थांस, व्यापारी बंधूंस व जमीनदारांस एक प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आपल्या पैशानें उपाशी माणसांस मजुरी मिळाली हें खरें. परंतु त्या मजुरींतून गांवाच्या पदरांत कायमचें असें काय पडलें? १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लाखों माणसें खडी फोडण्याच्या व रस्त्यांच्या कामांवर राबलीं. त्याच अनुभवांतून पुढें १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. परंतु दुष्काळी काम उन्हाळ्यांत होतें आणि त्याची परीक्षा पावसाळ्यांत होते. ज्या रस्त्याच्या पाण्यास वाट काढून दिलेली नाहीं, तो वैशाखांत कितीहि सुबक दिसो, मृगाच्या चार सरींत त्याचा चिखल होतो आणि दात्याचा पैसा व मजुराचा घाम दोन्ही वाहून जातात. म्हणून पाणंदीची दुरुस्ती थोडक्या खर्चांत व टिकाऊ कशी करावी, याचा येथें विचार केला आहे.

प्रथम रोगाचें निदान. सोलापूर, अहिल्यानगर, बीड अशा प्रांतांतील काळी जमीन भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे भेगाळते. कोरडी असतां ती भरलेली गाडी सहज पेलते; ओली झाली कीं बैलाचा खूरहि पेलीत नाहीं. शिवाय वर्षानुवर्षांच्या गाडीवाटेनें पाणंद खचून दोन्ही बाजूंच्या शेतांहून खालीं गेलेली असते. मग रस्ता हाच ओढा बनतो. याचा हिशेब पाहा. ३०० मीटर लांब व ३ मीटर रुंद अशा वाटेवर एक इंच पाऊस पडला तर सुमारें २२,५०० लिटर पाणी होतें. पण शेजारच्या अवघ्या एका एकरावर तोच पाऊस एक लाख लिटरांहून अधिक पाणी टाकतो. सारांश, रस्ता बिघडतो तो स्वतःवर पडलेल्या पाण्यानें नव्हे, तर बाहेरून आलेल्या पाण्यानें. अशा जागीं नुसता मुरूम टाकणें म्हणजे तो चिखलास अर्पण करणें होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मॅकॅडम या स्कॉटिश रस्तेतज्ज्ञानें हेंच तत्त्व सांगितलें कीं, भार खरा वाहते ती खालची जमीन, आणि ती कोरडी ठेवणें हें रस्त्याचें पहिलें काम.

आतां उपाय, त्याच्या योग्य क्रमानें. पहिलें काम चरांचें. दोन्ही बाजूंस वर ९० व तळाशीं ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल असा चर खणावा. त्यास २०० मीटरांत निदान १ मीटर उतार असावा व शेवट ओढ्यांत किंवा नाल्यांत असावा; तोंड बंद असलेला चर म्हणजे डबकेंच. उतार नजरेनें न ठरवितां पाण्यानें भरलेल्या पारदर्शक नळीनें तपासावा. चर खोल झाला म्हणजे भराव न घालतांहि रस्ता आपोआप उंच होतो, ही यांतील मोठी बचत आहे. निघालेली काळी माती रस्त्यावर न पसरतां शेताच्या बांधास घालावी.

दुसरें काम आकाराचें. मूळ मातीलाच मध्यें उंच व कडेस सखल असें रूप द्यावें. २५ स एक या उतारानें ३ मीटर रुंदीच्या वाटेचा मध्य कडेहून ६ सेंटिमीटर उंच येतो.

तिसरें काम मुरुमाचें. कठीण व मातीचा अंश कमी असलेला मुरूम दोन थरांत घालावा, प्रत्येक थर बेताचा भिजवून रोलरनें दाबावा, व कडेस दुरमुस वापरावा. सैल १५ सेंटिमीटर जाडीस १३५ घनमीटर, म्हणजे सुमारें ४८ ब्रास मुरूम लागेल. जेथें पाणी वाट ओलांडतें तेथें नळाची मोरी किंवा दगडी फरशी अवश्य करावी.

खर्चाची वांटणी लक्षांत घ्यावी. वरील मापानें दोन्ही चरांची खोदाई १६२ घनमीटर होते व तिचा जवळजवळ सर्व पैसा मजुरांच्या हातीं जातो. मुरूम जवळच्या शिवारांत मिळाला तर मुख्य खर्च वाहतुकीचा. मात्र तो उचलण्यापूर्वीं तहसीलदारांची परवानगी घ्यावी.

कायद्याची बाजूहि सांगणें अगत्याचें आहे. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या ५ व्या कलमाखालीं सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते. परंतु निकाल लागेपर्यंत पावसाळा थांबत नाहीं. तेव्हां कुदळ लावण्यापूर्वीं दोन्ही बाजूंच्या खातेदारांच्या लेखी संमती घेऊन त्यांची नोंद ग्रामपंचायतींत ठेवावी. दाव्यापेक्षां हातभर जमीन स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट. जें पाणी आषाढांत पाणंद बुडवितें, त्याच्याच थेंबासाठीं चैत्रांत गांव टँकरची वाट पाहतें. चराचें पाणी गाळ बसण्याच्या खड्ड्यांतून शेततळ्यांत किंवा नाल्याच्या बांधाआड नेल्यास एकाच मजुरींत रस्ताहि सुधारतो आणि विहिरींसहि आधार मिळतो.

यास्तव विनंती अशी कीं, जमीनदारांनीं चरापुरती पट्टी सोडावी; व्यापाऱ्यांनीं मुरुमासाठीं ट्रक व रोलर, तसेच मोरीचे नळ द्यावे; इतर दात्यांनीं खोदाईची मजुरी उचलावी. आणि दरवर्षीं मृगापूर्वीं चर उपसण्याचें व दिवाळीच्या सुमारास चाकोऱ्या भरण्याचें काम गांवानें पतकरल्याखेरीज कोणीहि वर्गणी देऊं नये. धान्य, चारा, आजारी माणूस व शाळेंत जाणारें मूल हीं सर्व याच वाटेनें जातात. ती वाट पावसाळ्यांतहि उघडी राहिली, तरच दान पोंचलें असें म्हणतां येईल.