सुनेला पाच मिनिटे एकटीला बोलू द्या

ऊसतोडीला निघण्याआधी सासू नव्या सुनेला दवाखान्यात आणते. डॉक्टर वय विचारतात. उत्तर सासू देते. पाळीची तारीखही सासूच सांगते. सून मान खाली घालून बसते. शक्तीच्या गोळ्या घेऊन दोघी घरी जातात. मुलीला इतक्यात मूल नको आहे, हे कोणालाच कळत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर १० स्त्रियांपैकी ४ हून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाले होते. कोवळ्या वयातील बाळंतपणात रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, झटके आणि कमी वजनाचे बाळ हे धोके जास्त असतात.

मग डॉक्टरांनी काय शिकावे? गोळ्या, निरोध, तांबी यांची माहिती त्यांना असतेच. शिकायचे असते ते बोलणे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा भाग २०१९ पासून रीतसर आला. त्याआधी शिकलेल्यांना वेगळे प्रशिक्षण हवे. त्यात एकाने मुलगी व्हावे, दुसऱ्याने डॉक्टर आणि इतरांनी चुका दाखवाव्यात. सराव या गोष्टींचा व्हावा :

१) सोबतच्या माणसाला गोडीने बाहेर बसवणे.

२) न रागावता ऐकणे. मुलगी अविवाहित असली तरी उपदेश न करणे.

३) साधने दाखवून निवड तिच्यावर सोपवणे आणि त्रासही आधी सांगणे. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. फडावर रोजची गोळी लक्षात ठेवावी लागत नाही. मात्र पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे सांगितले नाही तर मुलगी घाबरते आणि पुढचे इंजेक्शन चुकवते.

४) कायदा स्पष्ट सांगणे. मुलगी अठराच्या आतील असेल तर, लग्न झालेले असले तरी, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. मात्र त्या भीतीने उपचार नाकारू नयेत. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव कळवण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

वाचकहो, डॉक्टर ‘जरा बाहेर बसा’ म्हणाले तर राग मानू नका. त्या पाच मिनिटांत तुमच्याच लेकीसुनेचा जीव जपला जातो.