पन्नास हजारांत मिटवू?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सुतारकाम करतो. महामार्गावर मालट्रकने त्याच्या दुचाकीला धडक दिली, उजव्या हाताची तीन बोटं गेली. ट्रकमालक म्हणतो, 'पन्नास हजार घ्या, मिटवून टाकू.' घ्यावेत का?

उत्तर : नका घेऊ. निदान कसल्याही 'तक्रार नाही' कागदावर भावाची सही होऊ देऊ नका.

पैसे मालकाच्या खिशातून निघावेत अशी गरजच नाही. प्रत्येक ट्रकला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. एफआयआर, पंचनामा यांच्या नकला घ्या. विमा पॉलिसीचा क्रमांक पोलिसांच्या कागदपत्रांतून मिळतो. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अर्ज करा. अपघात कुठंही झालेला असो, तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात तो चालतो. मुदत मात्र सहा महिने, ती पाळाच. चूक सिद्ध करायची नसेल तर कलम 164 खाली गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की मोठ्या दाव्याची वाट बंद होते.

तुमच्या बाबतीत मोठा दावाच करावा, असं माझं मत. अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टर समजा तीस टक्के लिहितील. पण रंधा धरता न येणाऱ्या सुताराची कमाई तीस टक्क्यांनीच घटते का? सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार (2011) निकालात नेमका हाच फरक मांडला आहे. म्हणून त्याच्या कामाची बिलं, गिऱ्हाइकांचे जबाब, औषधांच्या पावत्या जपून ठेवा. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा चालतो; त्याच्या निकालासाठी थांबू नका.