नंबर जुळले, तिथेच फसलो

दुकानदाराने संगीन हातात दिली आणि पहिलं वाक्य बोलला ते नंबराचं. पात्यावर जो नंबर, तोच म्यानावर. जर्मन संग्राहक याला ‘नुमर्नग्लाइश’ म्हणतात आणि या एका शब्दावर भाव चढतो. मी २८० युरो रोख मोजले. पावती मागितली तर चिटोऱ्यावर ‘जुनी संगीन’ एवढंच खरडून दिलं. मी तिथेच थांबायला हवं होतं.

भोसरीत दहा वर्षं मी डाय-पंचचं काम केलं, आता कोलोनजवळ तेच करतो. पोलादावर ठसा कसा उठतो हे मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणून तर ही फसवणूक जास्त बोचते.

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर तेलाच्या फडक्याने संगीन पुसायला घेतली. ८४/९८ जातीची, माउझर रायफलची. मुठीजवळच्या सपाट जागेवर ‘कार्ल आइकहॉर्न’ हे पूर्ण नाव, पात्याच्या पाठीवर ३८, दुसऱ्या बाजूला चार आकडे आणि एक अक्षर. म्यानावर तेच आकडे, तेच अक्षर. मग म्यान उलटलं. तिथे ‘४३ एएसडब्ल्यू’. माझा हात थांबला.

‘एएसडब्ल्यू’ ही हॉर्स्टर कारखान्याची खूण. आइकहॉर्नची ‘सीओएफ’. पातं आणि त्याचं म्यान यांवर नंबर एकाच वेळी, एकाच कारखान्यात पडायचा. मग पाच वर्षांनी, दुसऱ्याच कारखान्यात बनलेल्या म्यानावर हा नंबर आला कुठून?

भिंग काढलं. पात्यावरचे आकडे ओळीत, कडा झिजून मऊ झालेल्या. म्यानावरच्या आकड्यांभोवती धातू वर आलेला, बोटाला बर लागत होती. आकड्यांच्या खाचा चकचकीत आणि भोवतालचा काळपट निळा मुलामा घासून विरळ केलेला. जुना नंबर घासून काढून नवा ठोकला होता. तीनचा आकडा तर दोन्हीकडे वेगळ्या वळणाचा.

शनिवारी परत गेलो. आधी तो म्हणाला, तुम्ही बघून घेतलीत. मग म्हणाला, युद्धात सैनिकांची म्यानं बदलायचीच. खरं आहे, बदलायची. पण मग नंबर वेगळे असायला हवेत. हे मी त्याला शांतपणे, त्याच्याच भाषेत सांगितलं. उत्तर दिलं नाही, पैसेही दिले नाहीत. माझ्याकडे पाठ करून शेजारच्या गिऱ्हाइकाला दुसरी संगीन दाखवायला लागला, आणि त्याच्या तोंडून पुन्हा तोच शब्द ऐकला. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही.

ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

कुठलाही ठसा एकटा वाचू नका, दुसऱ्याशी ताडून पाहा. १९३४-३५ च्या सुमारास कारखान्याची ओळख झाकण्यासाठी ‘एस’ आणि आकडा टाकत, वर्षासाठी अक्षर: ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५. नंतर काही वर्षं पूर्ण नाव आणि पाठीवर वर्षाचे दोन आकडे. १९४० पासून लहान लिपीतली तीन अक्षरं. पाठीवर ३८ आणि सपाट जागेवर तीन अक्षरी खूण दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

मुठीच्या टोकावर तपासनिसाचा छोटा गरुड असतो, त्याखाली ‘डब्ल्यूएए’ आणि आकडा. तो आकडा तपासणी कचेरीचा, संगिनीचा नव्हे. सैनिक स्वतःच्या पैशाने घेत ती चकचकीत मुलाम्याची परेडची संगीन असेल, तर तिच्यावर हा गरुड आणि नंबर साधारणपणे नसतो, कारण ती सरकारी खरेदी नव्हे. अशा संगिनीवर ताजा गरुड दिसला तर उलट संशय घ्या.

पहिल्या महायुद्धातल्या संगिनींची तऱ्हा वेगळी. तिथे पाठीवर मुकुट, त्याखाली राजाच्या नावाचं अक्षर आणि वर्ष. प्रशियाचं डब्ल्यू, सॅक्सनीचं एफए. मुकुटाखालचं एकटं छोटं गॉथिक अक्षर मात्र तपासनिसाचं. आणि झोलिंगन या पाती बनवणाऱ्या जर्मन शहराचं नाव दिसलं की संगीन जर्मन सैन्याचीच असं समजू नका. तिथल्या कारखान्यांनी अर्जेंटिना आणि चिलीसाठीही माल बनवला.

घाई करू नका. भिंग सोबत ठेवा. ‘नंबर जुळतात’ हे विक्रेत्याचं म्हणणं पावतीवर लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर तेच तुमचं उत्तर. झोलिंगनच्या ग्रेफ्राटमध्ये पात्यांचं संग्रहालय आहे, पैसे खर्च करण्याआधी एक दिवस तिथे घाला.

आणि गावी न्यायचा विचार करू नका. पुण्याहून मेहुण्याने हौसेने मागितली होती. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत संगिनीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. परवान्याशिवाय बॅगेत घातलीत तर विमानतळावर कोणी हौस ऐकून घेणार नाही.

माझ्याकडचं पातं अस्सल आहे, चांगलं आहे. म्यान मी वेगळ्या खणात ठेवलंय, आत चिठ्ठी घालून: ‘हॉर्स्टर, ४३, नंबर नंतर ठोकलेला.’ उद्या माझ्या पश्चात हे कोणी विकायला काढलं, तर निदान माझ्या घरातून तरी ही जोडी म्हणून जाऊ नये.