गोष्टीला हुंकार

उमरखेडच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. तिच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे निघालो, तर किनवटच्या आणि पुढे आदिलाबादच्या मुलखात गोंड व परधान लोकांच्या वस्त्या लागतात. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. किंगरी नावाचे तंतुवाद्य गजाने वाजवीत ते पूर्वजांच्या कथा गातात. मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी या कथा सांगितल्या जात असतील. पुष्कळांना मात्र त्या सर्वस्वी नव्या वाटतील. त्यांतील एक ऐका.

फार पूर्वी शंभूने काही बालकांना कचारगडाच्या गुहेत कोंडले आणि दारावर प्रचंड शिळा लोटली. गुरू पहांदी पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेसाठी झटू लागले. पण शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटारी नावाच्या गायकाने बाहेर बसून किंगरी छेडली. ते सूर कानी पडताच कोंडलेल्या मुलांच्या अंगी विलक्षण बळ संचारले. साऱ्यांनी मिळून आतून रेटा दिला. शिळा गडगडत खाली आली, मुले मोकळी झाली. पण हिरासुका तिच्याखाली चिरडला गेला.

रामाची गोष्ट ऐकताना पुढे काय होणार, हे आपल्याला ठाऊक असते. येथे तसा आधार नाही. मग "हा शंभू म्हणजे आपला महादेवच ना?" असे मध्येच विचारावेसे वाटते. कोणी लिंगोचे लांबलचक नाव ऐकून हसतो. हसण्यापेक्षा ते नाव दोनदा मोठ्याने म्हणावे. जिभेला ते लवकर रुळते. शंका शेवटी विचाराव्या. आपल्या खेड्यांत गोष्ट ऐकताना कोणी तरी "हूं" म्हणत हुंकार देतो. हुंकार थांबला, की सांगणाराही थांबतो. मग ती गोष्ट त्याच्याजवळच राहते.

हीच कथा दुसरीकडे निराळी ऐकू आली, तर गोंधळू नका. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मिळविलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली छापले गेले. त्यात लिंगो बिंदो पक्ष्याची पिले महादेवाला आणून देतो, तेव्हा गोंडांची सुटका होते.

कचारगड गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात आहे. माघी पौर्णिमेला तेथे गोंडांची मोठी यात्रा भरते. येथे छापलेल्या कथेत नुसते शब्द आहेत. शिळेपलीकडच्या मुलांनी ऐकली ती किंगरी ऐकावयाची, तर परधान गायकासमोरच जाऊन बसले पाहिजे.