अंथरुणावरच्या रुग्णाची पाठ

लकवा झालेला किंवा मांडीचे हाड मोडलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की घरचे लोक गोळ्यांच्या वेळा काटेकोर पाळतात. पाठ मात्र कोणी पाहत नाही. काही दिवसांनी वास येतो, चादर काढतात तर माकडहाडावर जखम! 'वय झालं, असंच व्हायचं', असे मग म्हटले जाते. वस्त्यांमध्ये फिरताना आम्ही हे फार ऐकतो आणि आम्हाला ते मान्य नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन् तास दबली की तिथे रक्त पोहोचत नाही आणि ती मरते. यालाच बेडसोर म्हणतात. दाब वेळेवर हलवला तर बहुतेक जखमा टळतात.

त्यासाठी दर 2 तासांनी कूस बदलावी. पाठीमागे गोधडीची घडी लावून रुग्णाला थोडे कलते ठेवावे. अगदी कुशीवर झोपवले तर खुब्यावर भार येतो. ओढून सरकवू नये, कातडी घासते. अंगाखाली दुहेरी चादर घालून दोघांनी ती धरून उचलावे. पोटऱ्यांखाली उशी ठेवली की टाचा अधांतरी राहतात.

अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू रोज पाहावी. पुस्तके सांगतात, लाली शोधा. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली सहसा दिसतच नाही! तिथे डाग आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट दिसतो, हाताला गरम किंवा कडक लागतो. अशा जागेवर पुन्हा भार देऊ नका आणि ती चोळू नका. पूर्वी स्पिरिट-पावडरने पाठ चोळायला शिकवत. ती पद्धत आता बाद झाली आहे. भोकाची रबरी रिंगही नको, तिच्या कडेचा दाब पडतो. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण कूस बदलणे सुटत नाही. लकवा किंवा मधुमेह असलेल्याला दुखणे जाणवेलच असे नाही, म्हणून तक्रारीची वाट पाहू नये. कातडी फुटली तर हळद, राख भरू नका, डॉक्टरांना दाखवा. जखम काळी पडली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लघवी-संडास झाली की लगेच धुऊन कोरडे करावे. आधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. हे काम कोण करते? घाण काढणे हलके, हे जातीने शिकवले. ते आपण नाकारले, तरी घरात ते एकट्या सुनेच्या वाट्याला येते. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची हकिकत आहे. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलले. तिथेही दोघे लागले.

भिंतीवर एक कागद लावा. त्यावर कूस बदलण्याच्या वेळा आणि प्रत्येक वेळेपुढे नावे लिहा. रात्री 2 वाजताच्या वेळेपुढे मुलाचे नाव असू द्या.