मशीन राहू दे, आधी कागद घे

अगं, परवा तू फोनवर विचारलंस ना, ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये डाय कटिंगचं मशीन घेऊन टाकू का? तेव्हा तुझे भावोजी समोरच बसले होते, म्हणून मी बोलणं आवरतं घेतलं. त्यांच्या मते आमच्याकडे आधीच कपाटभर रंगीत कागद आहे, आणि तसं बघितलं तर ते खोटं नाही. आता निवांत आहे, तर नीट सांगते.

मशीन लगेच घेऊ नकोस. त्याची किंमत एकदाच मोजावी लागते, पण मग डाय, म्हणजे कापायचे साचे, येतात. आज झाडाची, उद्या घंटेची, परवा रेनडिअरची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्यापेक्षा तुमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत चौकशी कर. एलिसन नावाच्या कंपनीनं १९७७ साली कॅलिफोर्नियात शाळांसाठी अक्षरं कापायचं हातयंत्र काढलं. सेलमध्ये मिळणारं सिझिक्स हे त्याच घरातलं. तिकडच्या कितीतरी शाळांत आणि लायब्रऱ्यांत अशी यंत्रं असतात. कागद आपला न्यायचा, हँडल त्यांचं फिरवायचं. एक डिसेंबर असा काढ, म्हणजे आपल्याला हे खरंच आवडतंय का, ते तुझं तुलाच कळेल.

आता नाताळासाठी करायचं काय? माझं ऐकशील तर खिडकीत टांगायचा स्नोफ्लेक कर. सांताबिंता राहू दे. तो सव्वीस तारखेला शिळा होतो, आणि तुमच्याकडची थंडी तर मार्चपर्यंत हलत नाही. स्नोफ्लेक तोपर्यंत खुशाल टांगलेला राहू दे. फक्त डाय निवडताना हात मोज. सहाच हवेत. बाजारात आठ हातांचे स्नोफ्लेक ढिगानं मिळतात, दिसतातही गोजिरे, पण बर्फ तसा पडत नाही. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनातच रचले जातात, म्हणून हात सहाच फुटतात. व्हरमाँटमधल्या जेरिको गावात विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्यानं १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला आणि पुढे जन्मभर तेच करत राहिला. पाच हजारांच्या वर फोटो! डाय घेण्याआधी त्याचे फोटो बघून ठेव. मग दुकानातल्या कितीतरी नक्ष्या आपोआप नकोशा होतील.

कागदात मात्र काटकसर करू नकोस. प्रिंटरचा ८० जीएसएमचा कागद दोन दिवसांत मान टाकतो. ३०० जीएसएमचा कार्डस्टॉक बारीक जाळीत नीट कापला जात नाही आणि घडीवर फुटतो. १८० ते २२० च्या मधला घे. रंगीत घेणार असशील तर कोपरा फाडून बघ. आतून पांढरा निघाला तर कापलेल्या प्रत्येक कडेला ती पांढरी रेघ दिसणार. आतपर्यंत एकच रंग असलेला कागद थोडा महाग पडतो, पण तोच घ्यायचा. चमकीच्या कागदाच्या वाटेला जाऊच नकोस. त्याची चमकी पुढच्या दिवाळीच्या फराळातही सापडते.

कापायची पद्धत तुला लायब्ररीत दाखवतीलच. दोन प्लेट, मध्ये डाय, तिच्या धारेकडे कागद, आणि सगळं मिळून रुळांतून सरकवायचं. बारीक जाळी असेल तर डाय आणि कागदाच्या मध्ये वॅक्स पेपरचा तुकडा घाल, कागद डायला चिकटून बसत नाही. आणि एकदा फिरवून कापलं गेलं नाही तर जोर लावू नकोस. सगळा थर तसाच थोडा तिरपा करून पुन्हा फिरव. जाळीत अडकलेले कण डायच्या पाठीमागच्या भोकांतून सुईनं ढकलून काढायचे. हे काम टीव्ही बघत करू नये, सुई नक्षीतून आरपार जाते.

आता खरी गंमत. एकाच मापाचे सहा स्नोफ्लेक काप. नक्षी अशी हवी की प्रत्येक हाताच्या मधोमध अखंड दांडा असेल. एक हात वर, एक खाली, असा स्नोफ्लेक समोर ठेव आणि त्या दोन हातांच्या दांड्यांवरून पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेननं एक रेघ ओढ. प्रेसवाले लग्नपत्रिकेला क्रीज मारतात, तेच हे. मग चांगली बाजू आत ठेवून घडी घाल. सहाही घड्या झाल्या की एकीच्या पाठीला दुसरीची पाठ चिकटव, तिला तिसरीची, अशी वही करत जा. गोंद बारीक तोंडाच्या बाटलीतला हवा, सुकल्यावर पारदर्शक होणारा, आणि तोही थेंब थेंब. जास्त झाला की कागद भिजून लाटा उठतात. घाई करू नकोस, प्रत्येक जोड जड पुस्तकाखाली दाबून सुकू दे. शेवटच्या दोन पाठी जोडण्याआधी मधल्या कण्यात दोरा घाल, वर फास ठेवून. मग मिटव. सहा पाती उभी राहतात, आणि खिडकीशी जरा वारा हलला की कुठल्याही बाजूनं बघ, फूल पूर्णच दिसतं.

मेणबत्तीच्या जवळपास मात्र टांगायचं नाही, कितीही सुंदर दिसलं तरी. कागद आहे तो. एलईडीची माळ लाव, हवी तेवढी.

अजून एक. तो शेवटचा जोड चिकटवला नाहीस तर अख्खं फूल सपाट मिटतं आणि ग्रीटिंगच्या पाकिटात जातं. दोरा आतच ठेव, एका पाठीला दुहेरी टेप लाव आणि तिच्यावरचा कागद तसाच राहू दे. ज्याच्या घरी जाईल त्यानं तो कागद काढायचा आणि दोन पाठी जुळवायच्या, झालं. पाकीट थोडं जाड होतं, त्यामुळे तिकीट जास्त लागेल. ते पोस्टात वजन करूनच लाव, अंदाजानं नको. आईच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून तिच्यासाठी मोठ्या मापाचं, ठळक नक्षीचं कर आणि नोव्हेंबर संपायच्या आत टपालात टाक.