कोरकू मंडळीत पाहुण्यानं पाहुणंच राहावं

थंडी पडली की परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते. त्यात पर्यटक असतात, तसे आमच्यासारखे खालच्या मंडळ्यांतले मराठी ख्रिस्ती लोकही असतात. मेळघाटातल्या एखाद्या गावच्या मंडळीला भेट द्यायची, उपासनेला बसायचं, खाऊ आणि ब्लँकेटं वाटायची, संध्याकाळी परत फिरायचं, असा बेत असतो. हेतू चांगलाच असतो. पण अशा भेटीत यजमानांची उपासना त्यांच्या हातून कशी निसटते, हे मी जवळून पाहिलं आहे. जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते.

चिखलदरा तालुक्यातल्या एका कोरकू गावात हंगामाचा सण होता. शेणानं सारवलेली जमीन, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, पुढे चटईवर लेकरं. वेदीपुढे अर्पणाची रास होती: मक्याची कणसं, कुटकी, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेला एक कोंबडा. गावातली दोन पोरं ढोलकी घेऊन कधीची तयार बसली होती. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बंधूंनी शुभेच्छा द्यायला म्हणून माईक घेतला आणि तासभर सोडला नाही. मग आमच्या तरुण संघाची गाणी झाली, साक्षी झाल्या, सगळं मराठीतून. पुढे अर्पणाचा लिलाव झाला. गावातल्या एका म्हाताऱ्यानं कोंबड्यावर दीडशेची बोली लावली. आमच्यातल्या एकानं हौसेनं ती थेट हजारावर नेली. टाळ्या पडल्या आणि म्हातारा मुकाट खाली बसला. निघताना तिथल्या एका आजीबाईंनी माझा हात धरला. ‘‘तुमी आले, बरं वाटलं बाई. आमचं गाणं मात्र रायलं.’’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण वाईट वाटलेलं लपत नव्हतं.

एक गाणं राहिलं तर काय झालं, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर कोरकू माणसाच्या रोजच्या दिवसात आहे. शाळा, तहसील, दवाखाना, एसटी, बाजार, सगळीकडे त्याला मराठी नाहीतर हिंदी बोलावी लागते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या बहिणी संथाली आणि मुंडारी दूर झारखंडाकडे आहेत. 2011 च्या जनगणनेत तिचे बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. संथालीला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, कोरकूला नाही. अशा भाषेत चारचौघांत, मोठ्या आवाजात, देवाशी बोलायची जागा म्हणजे रविवारची उपासना. ती आपण आपल्या मराठीनं भरून टाकली, तर त्या आठवड्यापुरती तीही गेली.

आपल्याला तर हे सहज कळायला हवं. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली. त्याआधी आपले पूर्वज बरीचशी भक्ती परक्या चालींवर करत होते. आपल्या चालीत गाताना डोळे का भरून येतात, हे ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात धरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मेळघाटात आलेल्या जुन्या मिशनऱ्यांनाही भाषेची ही किंमत कळली होती. कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशनचे जॉन ड्रेक कोरकू शिकले, आणि त्यांचं कोरकू व्याकरण 1903 साली कलकत्त्यात छापलं गेलं. सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस एवढे कष्ट घेतो. आपण तर घाटाखालचे शेजारी.

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं असं.

आधी पाळकांना फोन करा. कोणता सण आहे, उपासना किती वाजता, आपण किती जण आलेले चालतील, हे विचारा. छोट्या देवळात तीस पाहुणे आले की गावकरी बाहेर उभे राहतात.

चपला बाहेर काढा, बायापुरुषांची बसायची रीत पाळा. पुढच्या खुर्च्या दिल्या तरी शक्यतो सगळ्यांबरोबर खाली बसा. भाषा कळत नसेल तर शेजाऱ्याकडून ओळीओळीला अर्थ मागू नका, त्याचीही उपासना चालू असते. वचनाचा अध्याय तेवढा विचारून घ्या आणि आपल्या बायबलात काढून वाचा.

बोलायचा आग्रह झालाच तर नमस्कार, आभार आणि एखादं वाक्य, एवढंच. गाणं त्यांनी मागितलं तर एकच म्हणा, तेही त्यांची झाल्यावर.

प्रभुभोजनाच्या वेळी तिथली शिस्त आधी विचारा. कॅथलिक मिस्सेत, मग ती चिखलदऱ्याजवळच्या मरियमपूरला असो की आणखी कुठे, कम्युनियन कॅथलिकांसाठीच असतं. इतरांनी जागेवर शांत बसावं, त्यात कुणाचा अपमान नाही.

लिलावात गावकऱ्यांची बोली चालू असताना तोंड उघडू नका. मदत करायची तर अर्पणाच्या पेटीत गुपचूप टाका. ब्लँकेटं, कपडे उपासनेत रांग लावून वाटू नका, पंचांच्या हाती द्या.

फोटो आणि व्हिडिओ टाळाच. आदिवासी ख्रिस्ती माणसाच्या आरक्षणावरून सध्या बरीच ओरड चालते. कायद्यानं अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही, पण व्हायरल झालेल्या फोटोचा त्रास आपल्याला नाही, गावातल्या त्या कुटुंबाला भोगावा लागतो. ‘‘तुम्ही ख्रिस्ती कसे झालात?’’ हेही पहिल्या भेटीत विचारू नका. मेघनाथाच्या खांबाबद्दल किंवा मुठवा देवाबद्दल वेडंवाकडं बोलू नका, शेजारच्या घरात त्यांचेच भाऊबंद ते पूजत असतात.

आणि एवढ्यावर थांबू नका. परतवाडा, अमरावती, अकोल्याच्या मंडळ्यांनी या लोकांना खाली बोलवावं. येण्याजाण्याचं भाडं आपण द्यावं, जेवण आपल्या घरी ठेवावं. त्या रविवारी आपल्या देवळात उपासना त्यांनी कोरकूतून चालवावी आणि आपण शेवटपर्यंत बसून ऐकावं. नाताळची वाट बघायचीही गरज नाही, येत्या पंचांच्या बैठकीत हा ठराव मांडता येईल.